दरीच्या काठावर आधी कॅमेरा पोचतो

अरुंद कच्चा रस्ता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. जुनाट गाडीचं बाहेरचं चाक अगदी काठावर, खालची माती ढासळतेय आणि स्टिअरिंगवरचा माणूस घामाघूम. गाड्यांच्या साहसी कार्यक्रमांत असा प्रसंग आला की घरात कुणीतरी म्हणतंच, "काही खरं नसतं हो, सगळी नुरा कुस्ती." त्यावर दुसरा विचारतो, "मग 'टॉप गिअर'मधला तो हॅमंड मरता मरता वाचला ते काय होतं?"

दोघांचंही बरोबर आहे. अडचण एवढीच, की दोघं वेगवेगळ्या प्रसंगांबद्दल बोलत असतात. या कार्यक्रमांत ठरवून केलेलं पुष्कळ असतं आणि जिवावर बेतणारंही असतं. पण जिथे आपला श्वास अडकतो तिथे बहुतेक वेळा सगळा बंदोबस्त झालेला असतो, आणि जिथे आपण निवांत असतो तिथे माणसं जायबंदी झालेली आहेत. हे असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

उदाहरण म्हणून बीबीसीचा 'टॉप गिअर' घेऊ. जुनाच कार्यक्रम २००२ मध्ये नव्या रूपात सुरू झाला. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि २००३ पासून जेम्स मे हे त्रिकूट पडद्यावर, तर पडद्यामागे निर्माता अँडी विल्मन. २०१५ मध्ये त्यांचं बीबीसीशी बिनसलं आणि पुढे २०१६ ते २०२४ त्यांनी ॲमेझॉनसाठी 'द ग्रँड टूर' केला. या मंडळींवर कोर्टकज्जे झाले, अपघातांच्या चौकश्या झाल्या, काही गोष्टी त्यांनी स्वतः कबूल केल्या. त्यामुळे इथे तर्कावर फारसं विसंबावं लागत नाही.

आधी अशा लांबच्या प्रवासाचा विशेष भाग कसा बनतो ते पाहू. पडद्यावर तीन माणसं आणि तीन गाड्या दिसतात. प्रत्यक्षात मोठा ताफा चालत असतो: कॅमेरावाले, ध्वनिमुद्रण करणारे, मेकॅनिक, डॉक्टर, भाषा आणि परवानग्या सांभाळणारी स्थानिक माणसं, सुटे भाग आणि डिझेल वाहणाऱ्या गाड्या. शूटिंगच्या कितीतरी आधी एक छोटी तुकडी तो सगळा रस्ता फिरून आलेली असते. पूल किती वजन पेलेल, नदीत उतार कुठे आहे, मुक्काम कुठे पडेल, जवळचं इस्पितळ किती तासांवर आहे, हे सगळं कागदावर उतरलेलं असतं. त्याशिवाय विमा मिळत नाही आणि वाहिनी परवानगी देत नाही.

२००७ च्या उत्तर ध्रुवाच्या भागात क्लार्कसन आणि मे यांनी टोयोटा हायलक्स घेऊन गोठलेल्या समुद्रावरून चुंबकीय उत्तर ध्रुव गाठला. नेमकं सांगायचं तर ध्रुवाचं १९९६ मधलं ठिकाण गाठलं, कारण तो बिंदू सतत सरकत असतो. "गाडीने तिथे पोचलेले पहिले" असं श्रेय त्यांना मिळालं. पण ते बर्फावरून येताना समोरून टिपणारा कॅमेरा तिथे काय चालत गेला होता? तोही गाडीतूनच गेला. हायलक्स तयार करणाऱ्या 'आर्क्टिक ट्रक्स' या आइसलँडच्या कंपनीची जाणती माणसं आणि त्यांच्या गाड्या सोबत होत्या. म्हणून ती मोहीम खोटी ठरत नाही. थंडी खरी होती, पातळ बर्फाची भीती खरी होती, बर्फाच्या ढिगाऱ्यांतून वाट काढताना झालेले हाल खरे होते. दोनच माणसं एकटी निघाली आहेत, हा आपला समज तेवढा खोटा होता आणि तो जाणीवपूर्वक घडवलेला होता.

"कॅमेरा कुठे उभा आहे?" हा प्रश्न कुठलाही प्रसंग पाहताना विचारून पाहा. त्यातून बरंच उलगडतं.

डिसेंबर २००९ मध्ये दाखवलेला बोलिव्हियाचा भाग घ्या. त्यातला गाजलेला रस्ता म्हणजे युंगास, ज्याला लोक मृत्यूचा रस्ता म्हणतात. ला पाझजवळच्या साडेचार हजार मीटरहून उंच खिंडीतून तो कोरोइकोच्या दमट जंगलाकडे उतरतो. कित्येक ठिकाणी रुंदी जेमतेम तीन मीटर, कठडा नाही, आणि काही जागी खाली शेकडो मीटरचा कडा. १९८३ मध्ये इथे एक बस कोसळून शंभराहून अधिक माणसं गेली. त्या भागात क्लार्कसनच्या रेंज रोव्हरसमोर नेमक्या अरुंद जागी दुसरी गाडी येते, त्याला बाहेरच्या बाजूने जावं लागतं आणि चाकाखालची कडा ढासळू लागते. हा प्रसंग गाडीच्या आतून दिसतो, बाहेरून दिसतो, चाकाजवळून दिसतो. आता क्रम जुळवून पाहा. चाकाजवळचं दृश्य टिपायला कुणीतरी कॅमेरा घेऊन त्या काठाशी गेलेलं असणार. दुरून गाडी येताना टिपायला कुणीतरी आधीच पुढे जाऊन बसलेलं असणार, आणि इशारा मिळेपर्यंत गाडी अलीकडे थांबलेली असणार. शिवाय २००६ मध्ये डोंगराच्या पलीकडच्या अंगाने नवा डांबरी रस्ता खुला झाला आणि बस-ट्रकची बहुतेक रहदारी तिकडे वळली. म्हणजे २००९ मध्ये हा रस्ता त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांइतका गजबजलेला नव्हता. पण दरी होती तेवढीच खोल होती. स्टिअरिंगवर एक चूक झाली असती तर कुठलंही संहितालेखन कामाला आलं नसतं.

उरलेलं काम संकलनाच्या टेबलावर होतं. लांब पल्ल्याच्या भिंगातून पाहिलं की मागची दरी पुढच्या गाडीला चिकटल्यासारखी दिसते; वीस फुटांचं अंतर दोन फुटांचं वाटतं. चालकाचा घाबरलेला चेहरा त्याच वळणावरचा असेलच असं नाही, तो अर्ध्या तासापूर्वीचाही असू शकतो. सावल्यांकडे लक्ष द्या: एका तुकड्यात सावली डावीकडे लांब पडलेली आणि लगेच पुढच्या तुकड्यात ती पायाशी गोळा झालेली असेल, तर मध्ये काही तास गेले आहेत. आवाजाचं तर विचारूच नका. खडी-मातीवर टायर किंचाळत नाहीत, ते खरवडतात. कच्च्या रस्त्यावर डांबरी रस्त्यासारखी 'चीं' ऐकू आली, तर ती नंतर जोडलेली आहे असं खुशाल समजा.

गाडी विरुद्ध रेल्वे, गाडी विरुद्ध विमान अशा शर्यतींबद्दल हीच शंका असते. त्या शर्यती खरोखर धावल्या जायच्या, असं निर्मात्यांचं म्हणणं राहिलं आहे. मात्र गाडी डोंगरातून सुसाट जाताना बाहेरून दिसते ती दृश्यं बरीचशी नंतर पुन्हा त्या रस्त्यावर जाऊन घेतलेली असत. मला यात फसवणूक वाटत नाही. शर्यतीच्या मध्ये थांबून कॅमेरा लावला असता तर ती शर्यतच राहिली नसती.

आता गाड्या बंद पडण्याकडे येऊ. इथे निर्मात्यांचं खरं कसब दिसतं. गाडी अमुक वळणावर बंद पडेल असं लिहून ठेवता येत नाही. पण वीस-तीस वर्षांची, भंगारात निघायला आलेली गाडी विकत घ्यायची, ती वाळवंटात किंवा चिखलात घालायची, चालवणाऱ्याला झोप कमी मिळेल असं वेळापत्रक आखायचं, एवढं केलं की बिघाड आपोआप होतो. त्यांना फक्त परिस्थिती रचावी लागते. त्या परिस्थितीत माणूस चिडतो, थकतो, चुकतो, ते खरंच असतं. माझ्या मते या कार्यक्रमांतला सगळ्यात सच्चा भाग हाच आहे, आणि तो वर्षानुवर्षं लोकांनी पाहिला तो यामुळेच.

कधीकधी मात्र हात जरा पुढे जातो. २०१० मध्ये क्लार्कसनने शेफील्डमध्ये रिलायंट रॉबिन ही तीनचाकी गाडी चालवली. पुढे एक चाक, मागे दोन. प्रत्येक वळणावर ती आडवी व्हायची आणि प्रेक्षक हसून बेजार व्हायचे. अनेक वर्षांनी क्लार्कसनने आपल्या वृत्तपत्रीय स्तंभात सांगून टाकलं की त्या गाडीच्या डिफरन्शिअलमध्ये मुद्दाम फेरफार केला होता, म्हणून ती इतकी सहज कलंडत होती. डिफरन्शिअल म्हणजे वळताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी. तिच्यात ढवळाढवळ केली की वळणावर गाडीचं वागणं पार बदलतं. साधी रॉबिन काही दर कोपऱ्यावर लोळण घेत नाही. पण तो भाग पाहिलेल्या लाखो लोकांच्या मनात तिची तीच प्रतिमा ठसली. ज्यांनी ती गाडी वर्षानुवर्षं नीट चालवली, त्यांच्यावर हा अन्यायच झाला.

इथून पुढची पायरी मला जास्त टोचते. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी टेस्लाची रोडस्टर ही विजेवरची गाडी तपासली. बॅटरी संपल्यासारखी दाखवून माणसं ती ढकलत शेडमध्ये नेत आहेत असं दृश्य होतं. टेस्लाने गाडीत नोंदवलेल्या आकड्यांवरून सांगितलं, की बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली गेलीच नव्हती. २०११ मध्ये कंपनी कोर्टात गेली आणि हरली. २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही दावा फेटाळला. यावर लोक म्हणतात, "बघा, कोर्टाने कार्यक्रमाला खरं ठरवलं." तसं झालेलं नाही. कोर्टापुढे प्रश्न बदनामीचा आणि द्वेषाने केलेल्या खोट्या विधानाचा होता. शर्यतीच्या धावपट्टीवर गाडी पिळून काढली तर ती रस्त्यापेक्षा कमी अंतर जाईल हे शहाण्या प्रेक्षकाला कळतं, असं कोर्टाने धरलं. गाडी खरोखर बंद पडली होती का, या प्रश्नाचं उत्तर त्यातून 'हो' असं येत नाही. दरम्यान जुलै २०११ मध्ये निसानची लीफ ही विजेवरचीच गाडी लिंकन शहरात चार्ज संपून अडकलेली दाखवली. निसानने आपल्याकडच्या नोंदी काढून सांगितलं, की गाडी निघालीच मुळी अर्ध्याहून कमी चार्जवर.

ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था आहे. तथ्यांवर आधारलेल्या कार्यक्रमाने प्रेक्षकाची महत्त्वाच्या बाबतीत दिशाभूल करू नये, असं तिची नियमावली सांगते. कळीचा शब्द 'महत्त्वाच्या' हा. हॅमंड तंबूतून धडपडत बाहेर पडला आणि ते तीनदा शूट केलं, यात कुणाचं काही गेलं नाही. गाडी विकत घ्यावी की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला ती रस्त्यात दगा देते असं दाखवणं, यात जातं. धोक्याचं सोंगही मला या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचं वाटतं. काय जीवघेणं आहे आणि काय नाही याचा अंदाज आपण अशाच दृश्यांवरून बांधत असतो.

हे कार्यक्रम आपल्याकडेही आले. डिसेंबर २०११ च्या भारताच्या भागात तिघांनी मुंबईत डबेवाल्यांशी स्पर्धा लावली: लोकलपेक्षा मोटारीने डबे लवकर पोचतात का पाहू. मुंबईत नोकरी केलेल्या कुणालाही निकाल आधीच ठाऊक होता, आणि बनवणाऱ्यांनाही तो ठाऊक असणार. पुढे जयपूर, दिल्ली, हिमालय असा तो प्रवास गेला. त्यातल्या काही ठरवून केलेल्या चेष्टा इतक्या झोंबल्या की जानेवारी २०१२ मध्ये लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे लेखी तक्रार केली.

ठरवलेलं सगळं हातातून निसटलं की काय होतं, हे ऑक्टोबर २०१४ मध्ये अर्जेंटिनात दिसलं. क्लार्कसनच्या पोर्शवर एच ९८२ एफकेएल अशी नंबरप्लेट होती. अर्जेंटिना आणि ब्रिटन यांच्यातलं फॉकलंड युद्ध १९८२ चं, त्यामुळे उशुआइया गावातल्या युद्धात लढलेल्या माणसांना तो उघड डिवचण्याचा प्रकार वाटला. तो योगायोग होता, असं बीबीसीचं म्हणणं. जमाव जमला. तिघांना विमानाने बाहेर काढलं गेलं, पण कॅमेरा आणि तांत्रिक बाजू सांभाळणारी माणसं गाड्यांच्या ताफ्याने चिलीच्या सीमेकडे निघाली. वाटेत दगडफेक झाली, काचा फुटल्या, माणसं जखमी झाली, आणि त्या तीन खास गाड्या रस्त्यातच टाकून द्याव्या लागल्या. शेवटी गाड्यांनी फुटबॉल खेळायचा बेत होता, तो राहूनच गेला.

त्या भागाचा शेवट पाहिलात तर एक गोष्ट जाणवेल. दृश्यं हलणारी आहेत, अर्धवट आहेत, गाडीच्या आतून कशीबशी टिपलेली आहेत. खरा धोका कॅमेऱ्याला नीट सापडत नाही, कारण कॅमेरावालाही जीव मुठीत धरून बसलेला असतो. चार कोनांतून, स्वच्छ उजेडात, सुंदर चौकटीत दिसलेलं संकट बहुतेक वेळा आटोक्यातलं असतं.

आणि आता ते प्रसंग, जिथे माणसं खरोखर मोडली. २० सप्टेंबर २००६: यॉर्कजवळच्या एल्विंग्टन धावपट्टीवर हॅमंड 'व्हॅम्पायर' नावाची जेट इंजिनची गाडी चालवत होता. आधीच्या फेरीत त्याने ताशी ५०० किलोमीटर ओलांडले होते. शेवटच्या फेरीत ताशी सुमारे ४६४ किलोमीटर वेगात पुढचं उजवं टायर फुटलं, गाडी उलटून गवतात घुसली आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. जून २०१७: स्वित्झर्लंडमध्ये हेम्बर्गच्या डोंगरी शर्यतीत तोच हॅमंड रिमॅकची विजेवरची सुपरकार घेऊन अंतिम रेषा ओलांडल्यावर उतारावरून कोलांट्या खात खाली गेला. गुडघ्याजवळचं हाड मोडलं, आणि तो बाहेर निघाल्यावर गाडी पेटली. २०२२: नॉर्वेत ट्रॉम्सोजवळच्या जुन्या नौदल तळाच्या बोगद्यात जेम्स मे ताशी सव्वाशेच्या आसपास वेगात भिंतीवर आदळला, बरगडी मोडली. १३ डिसेंबर २०२२: लंडनच्या दक्षिणेला डन्सफोल्डच्या धावपट्टीवर इंग्लंडचा माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ याची गाडी उलटली. तोवर 'टॉप गिअर' नव्या मंडळींकडे आला होता आणि फ्लिंटॉफ त्यांच्यापैकी एक होता. आपल्याला तो वानखेडेवरून आठवतो: फेब्रुवारी २००२, शेवटची विकेट काढून शर्ट फिरवत धावणारा.

या यादीत दरी नाही, दलदल नाही, मृत्यूचा रस्ता नाही. दोन सपाट धावपट्ट्या, एक बंद बोगदा, एक रीतसर शर्यतीचा मार्ग. कारण भौतिकशास्त्रातलं आहे. धावत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दहापट झाला की ऊर्जा शंभरपट होते. युंगासच्या काठावर गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने सरकत असते. चूक लक्षात यायला, थांबायला, दार उघडून उतरायलाही वेळ असतो. ४६४ च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १२९ मीटर पुढे जाते. टायर फुटलं हे मेंदूला कळेपर्यंत सगळं घडून गेलेलं असतं. त्यात माणसाचा स्वभाव मिसळतो. दरी दिसली की प्रत्येकजण सावध होतो, दहा वेळा तपासतो, हळू जातो. रोजची ओळखीची धावपट्टी दिसली की तीच माणसं सैल पडतात.

फ्लिंटॉफच्या अपघातात हे फार क्लेशकारक रीतीने दिसलं. तो मॉर्गन सुपर ३ चालवत होता, हीदेखील तीनचाकी, फक्त दोन चाकं पुढे आणि एक मागे. वर छत नाही. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ज्या कार्यक्रमाने बारा वर्षांपूर्वी उलटणाऱ्या तीनचाकीवर लोकांना पोट धरून हसवलं, त्याच कार्यक्रमात उघडी तीनचाकी खरोखर उलटली आणि माणसाचा चेहरा फाटला. या दोन गोष्टींचा थेट कार्यकारणभाव मी जोडत नाही. पण वर्षानुवर्षं गाडी पालथी होणं म्हणजे गंमत, असं दाखवत राहिलेल्या ठिकाणी हेल्मेटची आठवण करून देणारा आवाज मोठा असायला हवा होता. मार्च २०२३ मध्ये बीबीसीने त्याची माफी मागितली, पुढे भरपाई दिली, ती सुमारे ९० लाख पौंड असल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्यक्रम बेमुदत थांबवल्याचं जाहीर झालं.

मला स्वतःला हे कार्यक्रम आवडतात आणि ते बनत राहावेत असं मनापासून वाटतं. संहिता असण्याला माझी हरकत नाही. कुठे रचना होती आणि कुठे नव्हती, हे प्रेक्षकाला सांगावं एवढीच मागणी आहे. सांगितल्याने मजा जाते, हा युक्तिवाद टिकत नाही. २००७ मध्ये बेअर ग्रिल्सच्या रानावनातल्या कार्यक्रमाबद्दल असाच गदारोळ झाला होता. तो जंगलात राहतो असं भासवून काही रात्री लॉजवर राहिल्याचं उघड झालं. त्यानंतर डिस्कव्हरी वाहिनीने भागासोबत सूचना द्यायला सुरुवात केली, की त्याला सोबतच्या चमूची मदत मिळते आणि जगून दाखवण्याच्या युक्त्या समजाव्यात म्हणून काही प्रसंग मुद्दाम उभे केले जातात. ती सूचना वाचूनही लोक पाहत राहिले, आणि मालिका २०११ पर्यंत चालली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंतप्रधान मोदींसोबत जिम कॉर्बेटच्या जंगलात चित्रित झालेला त्याचा विशेष भाग आला, तेव्हा या देशातल्या घराघरांत तो पाहिला गेला.